फिल्मफोर म्हणजे नुसतं ‘स्लमडॉग’ नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश सिनेमावरचा लेख वाचला, छान होता, पण फिल्मफोरला, म्हणजे ब्रिटनच्या चॅनल फोर या टीव्ही वाहिनीच्या सिनेमा विभागाला, ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या 8 ऑस्करमध्ये गुंडाळून टाकलं ते काही पटलं नाही. मुंबईशी त्यांचा संबंध त्याच्या 20 वर्षं आधीचा आहे हो, 1988 च्या ‘सलाम बॉम्बे’त आपल्या एनएफडीसीबरोबर (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) चॅनल फोरचेही पैसे होते, आणि फूलनदेवीवरचा ‘बँडिट क्वीन’ पण त्यांच्याच पैशातून झाला.

चॅनल फोर सुरू झालं 2 नोव्हेंबर 1982 ला, आणि पहिल्याच रात्री त्यांनी स्वतः पैसे घातलेला ‘वॉल्टर’ हा पिक्चर दाखवला. उद्घाटनाला लोक काहीतरी गोडगोड लावतात, यांनी आई गेल्यावर मनोरुग्णालयात टाकलेल्या मुलाची गोष्ट लावली! डेव्हिड रोज नावाचे गृहस्थ हा सिनेमाचा विभाग बघायचे, नवीन लेखकांना थोडे थोडे पैसे द्यायचे. तेव्हा तिकडच्या थिएटरवाल्यांची अट असायची की थिएटरात लागलेला पिक्चर तीन वर्षं टीव्हीवर दाखवायचा नाही, त्यामुळे बरेचसे पिक्चर सरळ टीव्हीसाठीच बनायचे. ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’ पण तसाच, 16 एमएमच्या स्वस्तातल्या फिल्मवर, सहा-साडेसहा लाख पौंडात उरकलेला, पण 1985 ला एडिंबरा फेस्टिव्हलमध्ये लोकांनी असा काही उचलून धरला की थिएटरात लावावाच लागला आणि हनीफ कुरेशीला पटकथेचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं.

नंतर चॅनल फोरवाल्यांच्या डोक्यात हवा गेली असं माझं मत. 1998 ला पैसे भरून बघायचं फिल्मफोर चॅनल काढलं, सिनेमा विभागाची वेगळी कंपनी केली, हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सशी करार, मोठे बजेट, मोठे स्टार, आणि ‘शार्लट ग्रे’ सारखे पिक्चर आपटले. 2002 ला कंपनी गुंडाळली, वर्षाचं बजेट 3 कोटी पौंडांवरून 1 कोटीवर आणलं आणि चॅनल फोरच्याच टेसा रॉस यांच्या हातात दिलं, चॅनल पण 2006 पासून फुकट केलं. लेखात नेमका हाच भाग गाळलाय. ‘स्लमडॉग’ आला तो या काटकसरीच्या काळात, श्रीमंतीच्या नाही, आणि त्याचंही बघा, वॉर्नरची जी शाखा तो अमेरिकेत लावणार होती तीच बंद पडली, नशीब फॉक्स सर्चलाइट या दुसऱ्या कंपनीने घेतला नाहीतर गेला असता थेट डीव्हीडीवर.

अजून एक. लेखात ‘सरकारी अनुदानावर चालणारी कंपनी’ असं छापलंय. चॅनल फोर सरकारी मालकीचं आहे पण चालतं मुख्यतः जाहिरातींवर, आणि सुरुवातीची दहा वर्षं तर त्याचा खर्च आयटीव्ही या तिकडच्या खासगी वाहिनीवाल्या कंपन्या द्यायच्या. 2022 ला सरकारने ते विकायला काढलं होतं, जानेवारी 2023 ला बेत सोडून दिला. तेवढी दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी छापा, आणि जमलं तर डेव्हिड रोजवर एक वेगळा लेख येऊ द्या.

– एक वाचक, डोंबिवली