कागदी कप कागदाचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अन्नपाण्यातल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांवर कालच्या अंकात तुम्ही अर्धं पान दिलंत. बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजार कण सापडले, हा कोलंबिया विद्यापीठाचा 2024 चा आकडा चौकटीत ठळक छापलात. मिठाचं आलं, साखरेचं आलं. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण शेवटी वाचकांना सल्ला काय दिलात? प्रवासात चहा प्लॅस्टिकच्या ग्लासात न घेता कागदी कपात घ्या! ते वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

अहो, कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. नुसत्या कागदात उकळता चहा राहील तरी का? खरगपूरच्या आयआयटीने 2020 मध्ये हेच तपासलं होतं. 85 ते 90 अंश तापलेलं 100 मिलिलिटर पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण उतरतात. दिवसाला तीन कप घेणाऱ्याच्या पोटात 75 हजार. तुमच्या लेखकाला अमेरिकेतला अभ्यास सापडला आणि आपल्याकडचा, आपल्या चहाशी थेट संबंध असलेला, सापडला नाही याचं मला फार वाईट वाटलं. खात्री करायची असेल तर एक कप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कागदाचा लगदा बोटाने सरकतो आणि खालून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक फिल्म सुटून येते. मी स्वतः करून पाहिलंय.

मला हे सगळं वाचायची वेळ आली ती सासूबाईंच्या आजारपणामुळे. मागच्या श्रावणात त्यांना मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. अँजिओप्लास्टी झाली, एकूण नऊ दिवस काढले. पहाटे सहाला कँटीनसमोर नातेवाइकांची रांग लागायची. कँटीनवाला पातेल्यातला उकळता चहा ओगराळ्याने थेट पातळ पिशवीत ओतायचा, पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन रबर लावायचा आणि एकात एक घातलेले कागदी कप हातात द्यायचा. लिफ्ट पेशंटसाठी राखीव, म्हणून मी चार जिने चढायचे. बोटांना चटके बसायचे, म्हणून पदर गुंडाळून धरायचे. वर पोचेपर्यंत पिशवी मऊ पडून खाली लोंबायला लागलेली असायची. दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या चहाला पिशवीचा वास येतोय." मी म्हटलं, "आई, गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय तुमच्या." त्या काही न बोलता प्यायल्या. त्यांची चव ठीक होती, हे मला आता कळतंय, आणि ते मनातून जात नाही.

चौथ्या दिवशी मी घरून स्टीलची किटली मागवली. कँटीनवाला म्हणाला, "ताई, भांड्यात देत नाही, मापाची भांडणं होतात. पिशवीतच न्या." ऑफिसात विचारलं, तर तिथल्या बाईंनी सांगितलं, "इन्फेक्शन नको म्हणून सगळं यूज अँड थ्रो केलंय." कोरोनात हे सुरू झालं हे मी समजू शकते. पण काचेचा ग्लास उकळत्या पाण्यातून काढला तर त्याला कसलं इन्फेक्शन उरतं? डिस्चार्जच्या कागदावर मीठ किती, तेल किती, लोणचं-पापड बंद, सगळं लिहून दिलं होतं. मग त्याच छपराखाली पेशंटला चहा कशातून पाजला जातो, हे कुणी बघायचं?

हृदयाच्या पेशंटच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून काढलेली चरबीची पुटं तपासली. तो अभ्यास मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 257 पेशंटपैकी 150 जणांच्या पुटात पॉलिएथिलीन सापडलं. ज्यांच्या पुटात प्लॅस्टिकचे कण होते, त्यांना पुढच्या जवळपास तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट आढळला. प्लॅस्टिकमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसं ते डॉक्टरही म्हणत नाहीत. पण पॉलिएथिलीन म्हणजे कॅरीबॅगचंच प्लॅस्टिक, आणि कपाचं अस्तरही बहुतेक वेळा त्याचंच. एवढं कळल्यावर सिद्ध होईपर्यंत आजाऱ्याला त्यातून उकळता चहा पाजत राहायचं का?

कायद्याचं म्हणाल, तर राज्यात पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. जुलै 2022 मध्ये प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कप-प्लेटाही बंदीच्या यादीत आल्या. तरी आज आमच्या गावात एक टपरी दाखवा जिथे काचेचा ग्लास मिळतो. बंदीच्या मोहिमेत दंड होतो तो कोथिंबीर विकणाऱ्या म्हातारीला.

आणि बाटलीचं पाणी टाळा म्हणताय, तर आमच्या एसटी स्टँडवर येऊन बघा. पिण्याच्या पाण्याचे चार नळ आहेत, त्यातले तीन बुच मारून बंद आहेत आणि चौथ्याखाली शेवाळ साचलंय. शेजारीच बाटल्यांचा स्टॉल. कडेवर पोर घेऊन उन्हात गाडीची वाट बघणाऱ्या बाईने करायचं काय? याबद्दल मी उन्हाळ्यातही तुम्हाला पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत.

निदान हे तरी छापा. आणि कागदी कपाच्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. आमच्याकडे तुमचा पेपर चहा पिता पिता वाचतात.

आपली नम्र,
एक वाचक, तासगाव