दांड्या पूर्ण, तरी नेट नाही

नाशिक, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, जुलैमध्ये मुलुंडच्या घरचं नेट चार दिवस बंद होतं, तेव्हा तुम्ही मला फोनवर विचारलं होतंत, "मोबाइलवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतायत, मग नेट का नाही?" मी कामाच्या गडबडीत म्हटलं, राउटर बंद करून परत चालू करा. तुम्ही म्हणालात, "दहा वेळा केलं." मग थोडं थांबून, "बरं, ठेवतो." तो 'बरं' अजून माझ्या मनातून जात नाही. अडतीस वर्षं टेलिफोनच्या केबल जोडलेल्या माणसाने इतका नेमका प्रश्न विचारला आणि मी तो उडवून लावला. त्यात परवा आईला तो घाबरवणारा फोन आला. तेव्हाच ठरवलं की आता बसून नीट लिहायचं. फोनवर माझी घाई होते, आणि कागद तुम्ही जपून ठेवता, परत काढून वाचता.

तर उत्तर असं. मोबाइलवरच्या त्या दांड्या इंटरनेटच्या नाहीत. तुमचा मोबाइल आणि कपाटावरचा राउटर एकमेकांना किती स्पष्ट ऐकू येतायत, एवढंच त्या सांगतात. बिनतारी आहे ते फक्त त्या दहा-पंधरा फुटांत. राउटरच्या मागून जी पातळ वायर खिडकीतून बाहेर जाते, तिथून पुढे सगळी तारच. त्या चार दिवसांत राउटरवर एक लाल दिवा लुकलुकत होता ना, एलओएस लिहिलेला? त्या वायरमधून नेट प्रकाशाच्या रूपात येतं, आणि तो बाहेरून येणारा प्रकाश आपल्यापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणताना वायर तुटली होती. घरातलं वायफाय ठणठणीत होतं, फक्त त्याच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर फोन उत्तम, लाइन डेड.

आता ते घरातलं वायफाय म्हणजे काय? आपला जुना रेडिओच. तुम्ही सकाळी अस्मिता वाहिनी लावायचात, ५५८ किलोहर्ट्झ. त्या लहरीची लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त. राउटरही तशाच रेडिओ लहरी सोडतो, पण त्या सेकंदाला २४० कोटी वेळा कंप पावतात, म्हणून एक लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटरची, वीतभरसुद्धा नाही. त्या लहरीत बारीक बारीक बदल करून शून्य आणि एक पाठवायचे, आणि त्या शून्य-एकांतूनच आईचं कीर्तन, तुमच्या बातम्या, माझा व्हिडिओ कॉल सगळं परत उभं राहतं. रेडिओ नुसता ऐकतो, राउटर आणि मोबाइल दोघंही बोलतात आणि ऐकतात, एवढाच फरक.

आखूड लहरी भिंतींत लवकर दमतात. देवघराच्या खोलीत रेंज येत नाही त्याचं कारण मधली जुनी जाड भिंत आणि तिला लागून असलेलं लोखंडी कपाट. राउटर कपाटावरून काढून पॅसेजमध्ये, उंचावर, उघड्यावर ठेवा. मोबाइलवरच्या वायफायच्या यादीत आपल्या राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलंय. ते मोबाइलवालं फाइव्ह-जी नव्हे. ती पाच गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५०० कोटी वेळा कंप पावणारी लहर, आणखी आखूड. टीव्हीच्या खोलीत ती लावा, वेग चांगला मिळेल. लांबच्या खोलीत दुसरीच बरी.

आणि रात्री नऊनंतर सगळं संथ का होतं, हेही तुम्ही विचारलं होतंत. आपण चाळीत होतो तेव्हाचा मोरीबाहेरचा नळ आठवा. एक हंडा भरला की दुसरा. वायफाय अगदी तसंच चालतं. बोलायच्या आधी प्रत्येक राउटर कान देऊन ऐकतो, कुणी बोलत असेल तर थांबतो, मग आपला नंबर घेतो. आपल्या बिल्डिंगमध्ये घरटी एक राउटर आहे आणि सगळे त्याच थोड्या जागेत रांग लावून उभे आहेत. त्याच जागेत मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही घुसतात.

आई, तू रात्री राउटर बंद करतेस, कारण शेजारच्या काकूंनी किरणांचं सांगितलं. वीज वाचते, खुशाल बंद कर, पण भीतीने नको. या लहरी एक्स-रेसारख्या पेशींतल्या रेणूंची मोडतोड करणाऱ्या जातीच्या नाहीत, आणि राउटरची ताकद साधारण एका वॉटच्या दहाव्या भागाएवढी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात टाकलं, ते मुख्यतः मोबाइल कानाला लावून केलेल्या वापराच्या अभ्यासांवरून. टॉवरसाठी आपल्या सरकारने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा आणली. मला विचारशील तर लिफ्टमध्ये किंवा तळमजल्यावर रेंज नसताना मोबाइल कानाला लावून बोलत राहू नकोस, कारण तेव्हा तो जास्त जोर लावतो. आणि मोबाइलच्या मागे चिकटवायला घेतलेला तो 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर काढून टाक. तो सगळ्या लहरी खरोखर शोषत असता तर फोनच लागला नसता.

बाबा, आता खिडकीबाहेरची गोष्ट, तुमची. ती पातळ वायर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने. ती गच्चीवरून, झाडावरून, कुठे जमिनीखालून एक्स्चेंजसारख्याच एका ठिकाणी जाते, तिथून मोठ्या केबलमध्ये. आईचं कीर्तन परदेशातल्या कुठल्या यंत्रावर ठेवलेलं असेल, तर ते समुद्राखालून येतं. उपग्रहावरून नेट येतं असं आपल्याला वाटतं, पण खंडाखंडांतली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळावरच्या केबलमधून चालते. खोल समुद्रात ती केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. अशा कितीतरी केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. आपण तिथे भेळ खात बसायचो, तेव्हा पायाखालच्या वाळूत काय पुरलंय हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईला हे नवीनही नाही. १८७० मध्ये सुएझ-एडनहून समुद्राखालची पहिली तार मुंबईलाच आली होती.

आणि सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या फोर्टमध्ये होतं. तेव्हा नेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच यायचं, सेकंदाला ९.६ किलोबिट. आज तुमच्याकडे १०० मेगाबिट आहे, दहा हजार पटींहून जास्त. मुंबईतल्या पहिल्या लोकांपर्यंत इंटरनेट पोचलं ते तुमच्यासारख्यांनी मॅनहोलमध्ये उतरून, भिजलेली केबल सुकवून, जोडी जोडी जुळवून केलेल्या जॉइंटमधून. हे मी तुम्हाला आधी कधीच म्हटलं नव्हतं, म्हणून आता लिहितेय.

राहिलं मालकाचं. "ह्याचा साहेब कोण?" असं तुम्ही विचारता. एक साहेब नाही. लहरींपासून सुरू करते. तो हिरो कप आठवतो का, १९९३ चा, सचिनने शेवटची ओव्हर टाकली तो? त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून कोर्टात भांडण गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकार त्यांचं मालक नव्हे, जनतेच्या वतीने सांभाळणारं. म्हणून कंपन्यांना लिलावात पैसे मोजून त्या ठरावीक वर्षांसाठी वापरायला घ्याव्या लागतात. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. आणि वाटप मनमानी झालं म्हणून २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्दही केले. वायफायच्या लहरींना मात्र परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि पाचचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा केला गेला. आपल्या पॅसेजमधला राउटर हवेतली जी जागा वापरतो तिचं भाडं तुम्ही कुणाला देत नाही. बिल भरता ते त्या काचेच्या धाग्याचं. मला हे फार मोलाचं वाटतं.

बाकीचं थोडक्यात. राउटर आणि मोबाइलने कुठल्या नियमाने बोलायचं ते एका अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये ठरवलं, म्हणून कुठल्याही कंपनीचा मोबाइल कुठल्याही राउटरला जोडता येतो. वेबसाइटच्या नावांचा ताळमेळ कॅलिफोर्नियातली एक संस्था ठेवते. परवाने दूरसंचार विभाग देतो. दर आणि नियमांवर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, लक्ष ठेवते. अमुक वेबसाइट स्वस्त आणि तमुक महाग असं कंपन्यांना करता येणार नाही, हा नियम ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणला. सरकार कायद्याने नेट बंदही करू शकतं, पण जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ते बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि तसा आदेश प्रसिद्ध करावा लागेल, म्हणजे नागरिकाला कोर्टात जाता येतं.

आई, हे सगळं तुझ्यासाठीही लिहिलंय, कारण परवाचा तो माणूस म्हणाला, "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल." तू दोन रात्री झोपली नाहीस. अगं, ट्राय कुणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही, ते तिचं कामच नाही. कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था आहे ती. हे मी तुला आधी सांगितलं असतं तर तू तिथेच फोन ठेवला असतास. परत असा आला तर काही न बोलता ठेव. पैसे गेले, तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, मला नंतर.

आणि वॉचमनच्या मुलाला अभ्यासासाठी तू वायफायचा पासवर्ड दिलास, ते बरोबरच केलंस, काढून घेऊ नकोस. फक्त कनेक्शन बाबांच्या नावावर आहे, त्यावर कुणी काही गैर केलं तर विचारणा बाबांकडे होईल. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नाव करता येतं. मी गणपतीला येतेय, तेव्हा करून देईन. त्याला त्याचा पासवर्ड, आपला आपल्याकडे.

बाबा, वायर जोडायला आलेल्या मुलाच्या डोक्यावर तुम्ही तासभर छत्री धरून उभे होतात, हे मला आईकडून कळलं. तुम्ही तिला विचारलंत म्हणे की त्याच्या जॉइंटमध्ये आणि आपल्या जॉइंटमध्ये फरक काय. तो काचेची दोन टोकं सरळ कापतो आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतो. टोकावर धुळीचा कण राहिला तरी प्रकाश गळतो, म्हणून इतकी पुसापुशी. तुमची जॉइंटिंगची पेटी माळ्यावरून काढून ठेवा. तांब्याचा जॉइंट कसा करायचात ते या वेळी मला दाखवा.

तुमची,
वैशू