मला बहीण म्हणू नकोस

सांगली

प्रिय मंदार,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. 'गौरीच्या घरी विषय निघाला होता. लग्न होईपर्यंत फोन जरा कमी करू, चालेल ना?' त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून कागद घेऊन बसले. नाही चालणार. मला फार वाईट वाटलं, आणि ते तुझ्यापासून लपवायचं काही कारण नाही.

गौरीच्या आत्यांनी 'ही मैत्रीण नेमकी कोण' असं विचारलं, यात मला काही गैर वाटत नाही. मुलगी देताना माणसं विचारणारच. माझ्या वेळी अभिजितच्या घरीही तुझ्याबद्दल विचारलं होतं. मला लागलं ते तू दिलेलं उत्तर. 'ती मला बहिणीसारखी आहे.' मंदार, तुला सख्खी बहीण आहे. मी तुझी मैत्रीण आहे.

2019 चा पूर आठव. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातलं आमचं घर खालून सगळं बुडालेलं, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, त्यामुळे अभिजित पलीकडे बेंगळुरूला अडकलेला. पाणी उतरायला लागलं तसा तू पुण्याहून खराटे, फावडी आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आलास. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते तू पहारीनं उघडलंस. आतला लगदा घमेल्यात भरताना, जे पान सुटं होईल ते हातावर घेऊन आईला विचारत होतास, 'काकू, हे ठेवायचं?' कुणी सांगितलं नव्हतं तुला असं विचारायला. शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, 'हा कोण गं?' आणि आई घाईघाईनं म्हणाली, 'हिचा मानलेला भाऊ.' राखी पौर्णिमा तोंडावर होती. त्या चिखलातही आईनं कुठून तरी राखी पैदा केली. मी ती बांधली नाही. 'आई, हा मित्र म्हणून चिखल काढायला आलाय. जाताना भाऊ होऊन कशाला जाईल?' असं मी म्हटलं, तेव्हा तू हातातलं फावडं ठेवून 'बरोबर आहे, काकू' म्हणालास. तोच तू आता आत्यांसमोर तीच राखी काढलीस.

वनपर्वात द्रौपदी कृष्णापुढे आपलं दुःख मांडते, तेव्हा एका दमात म्हणते की मी पांडवांची पत्नी, कृष्णा, तुझी सखी, धृष्टद्युम्नाची बहीण, आणि माझ्यासारखीला सभेत फरफटत नेलं! नवरे, मित्र, भाऊ, तिघांच्या जागा तिनं वेगळ्या ठेवल्यात. आपल्याकडे मात्र कृष्णाच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधता बांधता ती त्याची बहीण होऊन गेली. असं केलं की बघणाऱ्याला बरं वाटतं, पुढचं काही विचारावं लागत नाही. पण ज्या दोघांची मैत्री असते त्यांच्या हातून काहीतरी जातं.

लोक म्हणतात, स्त्री-पुरुषांत आकर्षण आलं की मैत्री संपली. आपल्यात ते आलं होतं की. फर्स्ट इयरला तू मला विचारलंस, मी नाही म्हटलं. मग वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या व्हाइसवर आपण दोघं मान खाली घालून जॉब घासत असायचो, एक शब्द न बोलता. एक दिवस माझी कानस बोथट झालेली बघून तू तुझी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, 'नाही म्हणालीस ते कळलंय मला. बोलणं बंद नको करूस.' माझ्या लेखी आपली मैत्री त्या दिवशी सुरू झाली. ही गोष्ट अभिजितला लग्नाआधी मीच सांगितली होती. तू गौरीला सांगितलीस का? नसशील, तर फोनचं राहू दे, आधी ते सांग. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तिनं तुझ्यावर विश्वास का ठेवावा?

सगळ्यांना जमतं असं मी म्हणत नाही. आपल्याच बॅचमधल्या त्या दोघांचं आठवतंय ना? तो 'नुसते मित्र' म्हणत राहिला आणि ती वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. दोघांपैकी एकजण मनात काही धरून बसलेला असेल आणि दुसऱ्याला ते ठाऊक असूनही तो सोयीनं गप्प राहत असेल, तर त्याला मैत्री म्हणणं मला क्रूर वाटतं.

पण होतं, मंदार, खरंच होतं. जीए आणि सुनीताबाई देशपांडे यांची पत्रं तूच मला वाचायला दिली होतीस. ते धारवाडला, अविवाहित, माणसांपासून लांब राहणारे, आणि या पु.लं.च्या पत्नी. प्रत्यक्ष भेटी थोड्याच. ती पत्रं वाचताना या मैत्रीला दुसऱ्या कुठल्या नात्याचा आधार हवा होता असं मला एकदाही वाटलं नाही.

तुझ्या मेसेजमधले 'लग्न होईपर्यंत' हे शब्द मला सगळ्यात जास्त टोचले. म्हणजे नंतर पुन्हा सुरू? तिला न सांगता? बदल तर होणारच आणि व्हायलाच हवेत. रात्री अकराला साहेबाची कटकट ऐकवायला तू मला फोन करायचास, तो हक्क आता गौरीचा, आणि मी तो अगदी मनापासून सोडते. घर घ्यायचं, नोकरी बदलायची, हेही आधी तिच्याशी बोल. माझा फोन आला तर तिच्यासमोर उचल, नाहीतर उचलू नकोस. फोन कमी झाले तर माझी काही तक्रार नाही. पण ते लपूनछपून व्हायला लागले तर मला ही मैत्री नकोच.

आणि गौरीला स्वतःला काय वाटतं ते तू एका शब्दानं लिहिलेलं नाहीस. आत्यांचं कळलं, काकांचं कळलं. तिला खरंच त्रास होत असेल तर तो मला तिच्या तोंडून ऐकायचाय. ती म्हणेल तेवढी मी मागे सरेन.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुण्याला येतोय, अभिजितच्या मावशीकडे कोथरूडला. संध्याकाळी चौघं भेटू. आत्यांना यायचं असेल तर त्यांनाही आण. आईनं तुझ्या घरी द्यायला भडंग करून ठेवलंय. गौरीला माझा नंबर दे आणि तिलाच फोन करायला सांग. वेळ आणि जागा ती ठरवू दे.

तुझी मैत्रीण,
मेघना