परदेशातलं स्थळ बघताना आधी व्हिसा विचारा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की आमच्या लातूर-नांदेडकडं परदेशातल्या मुलांचे बायोडाटे व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. पॅकेज, पुण्यातला फ्लॅट, गावाकडची बागायती, मामाचं गाव, सगळं असतं त्यात, पण मुलगा तिकडं कोणत्या व्हिसावर आहे हे कुठंच नसतं आणि लेकीला जाता येणार का नाही हे तर त्याच्यावरच ठरतं.

आमच्या भावकीतच झालं बघा. मुलगा इंग्लंडात केअर वर्कर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारा), साखरपुडा झाला, मंगल कार्यालयाला इसार दिला आणि मग कळलं की 11 मार्च 2024 पासून या कामासाठी नव्यानं व्हिसा घेणाऱ्यांना बायको-लेकरं नेताच येत नाहीत. मुलाकडचे म्हणतात लग्न तर होऊ द्या, नंतर बघू. नंतर काय बघणार? शिकायला गेलेल्यांचंही तेच, जानेवारी 2024 पासून सुरू झालेल्या कोर्सला पीएचडीसारखं संशोधन सोडलं तर बायकोला डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर सोबत राहायची परवानगी, नाही.

मुलगा तिथला नागरिक किंवा पीआरवाला (कायम राहायची परवानगी मिळालेला) असेल तर मुलीला स्पाउस व्हिसा, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा लागतो, त्याच्या अटी आणखी वेगळ्या. एप्रिल 2024 पासून वर्षाला 29 हजार पौंड उत्पन्न दाखवावं लागतं, आधी 18,600 होतं. पोरगी इथं कितीही कमवू द्या, तिचा इथला पगार त्यात धरत नाहीत. उत्पन्न नसेल तर 88,500 पौंड बचत पाहिजे आणि ती पण सहा महिने हातात असलेली, म्हणजे ऐनवेळी पाहुण्यांकडून उसने घेऊन खात्यावर टाकले तर उपयोग नाही. दोघं प्रत्यक्ष भेटलेले पाहिजेत, राहायला पुरेशी जागा पाहिजे, मुलीची टीबीची तपासणी त्यांनी ठरवून दिलेल्या क्लिनिकमधेच, आणि ए1 लेव्हलची, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षा. या परीक्षेला आपल्या पोरी उगाच घाबरतात, नुसतं बोलणं आणि ऐकणं असतं, आणि डिग्री इंग्रजीतून झालेली असेल तर तिची रीतसर पडताळणी करून घेतली की परीक्षाच द्यावी लागत नाही.

अमेरिकेचं वेगळंच, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्याची बायको एच-4 या बायको-लेकरांच्या व्हिसावर जाते पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं (तिथं कायम राहायच्या परवान्याचं) काम ठराविक टप्प्याला गेल्याशिवाय तिला नोकरी करता येत नाही. इंजिनिअर झालेली पोरगी वर्षानुवर्षं घरात बसते, हे तिला लग्नाआधी कोणीतरी सांगायला नको का?

माझं वधू-वर सूचक मंडळांना हात जोडून सांगणं आहे की फॉर्ममधे व्हिसाचा प्रकार आणि मुदत असे दोन रकाने वाढवा. मुलीच्या बापानंही विचारताना संकोच करू नये, आपण सातबारा मागतोच की. इंग्लंडचा व्हिसा आता ऑनलाइन असतो, मुलानं शेअर कोड काढून दिला की तो आणि जन्मतारीख टाकून इथं बसून सरकारी वेबसाइटवर बघता येतं. आणि लग्न झाल्या झाल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करून घ्या, सर्टिफिकेटवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते तिथंच उभं राहून तपासा.

तुमच्या पेपरात दर रविवारी स्थळांच्या जाहिराती येतात, त्याच पानावर देशवार हे नियम छापले तर लई उपकार होतील.

आपला,
एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर