लो टेम्परेचर कटआउट चुकीच्या जागी बसवल्याने कॉइल गोठून झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

दिनांक : ६ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

महोदय,

निफाड तालुक्यात मी आणि माझी जाऊ मिळून बटन मशरूमचे छोटे युनिट चालवतो. ऑगस्टमध्ये आपल्या कंपनीने आमच्या पफ पॅनेलच्या (फोमचे इन्सुलेशन असलेल्या) खोलीला साडेपाच टनाचे डक्टेबल एसी युनिट बसवून दिले. कोटेशनच्या वेळीच मी आपल्या प्रतिनिधींना बजावले होते की हे निफाड आहे, थंडीची लाट आली की पेपरात पहिले नाव आमचे येते, आणि आमची मशीन हिवाळ्यात रात्रभर चालणार. त्यावर त्यांनीच दोन वस्तू सुचवल्या : खोलीची हवा थंड करणाऱ्या कॉइलवर लो टेम्परेचर कटआउट, म्हणजे कॉइल गोठायच्या आत कॉम्प्रेसर थांबवणारा स्विच, आणि आउटडोअरच्या पंख्याला प्रेशर स्विच, म्हणजे थंडीत गॅसचे प्रेशर पडले की पंखा थांबवणारा. दोन्हींचे मिळून १४,२०० रुपये बिलात आहेत. गरज पटली म्हणून मी त्यात एक रुपयाही कमी करायला सांगितले नाही.

१६ डिसेंबरच्या पहाटे अंगणातल्या तापमापकावर ६ अंश होते. साडेपाचला जाऊबाई खोलीत गेल्या तेव्हा आत २३ अंश. ब्लोअरचा आवाज होता, हवा मात्र येत नव्हती. पॅनेल उघडले तर कॉइलवर खालपासून वरपर्यंत पांढरा दगड झालेला. बर्फ वितळू लागला तसे पाणी ट्रेबाहेर सांडून पुढच्या दोन रॅकमधल्या पिशव्यांवर पडले. पहिली तोडणी चार दिवसांवर होती.

मशरूमला या टप्प्यावर १६ ते १८ अंश आणि खेळती हवा लागते. हवा थांबली की कार्बन डायऑक्साइड साठतो, देठ लांबतात आणि टोपी लहान राहते. ओल्या टोप्यांवर बॅक्टेरियाचे तपकिरी डाग पडतात. ८०० पिशव्यांमधून पहिल्या तोडणीला ६०० किलो धरले होते, विकण्याजोगे २१० किलो निघाले.

आपला मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. त्याने पहिलाच प्रश्न केला, “बाहेर सहा अंश असताना एसी लावताच कशाला?” पफच्या बंद खोलीत आठ टन कंपोस्ट आहे आणि ते स्वतः गरम होत असते. रात्रभर बाहेरची कोरडी हवा घेतली तर ओलावा ८५ टक्क्यांच्या खाली जातो आणि केसिंग (कंपोस्टवरचा ओला थर) सुकते. हे सगळे ऑगस्टमध्ये सांगून झाले होते, पुन्हा सांगितले. त्याने गेज लावले, सक्शन (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचे प्रेशर) कमी दिसले, म्हणून गॅस भरला आणि ४,८०० रुपयांचे बिल दिले. गळती शोधली नाही. २१ तारखेला कॉइलला पुन्हा बर्फ धरला. तेव्हा फोनवर उत्तर मिळाले की मशीनला एलपी (लो प्रेशर) स्विच आहे, काळजी करू नका.

शेवटी २९ डिसेंबरला मी नाशिकहून दुसरा जाणकार मेकॅनिक बोलावला. तो पहाटे पाचला आला, कारण हा दोष दुपारी सापडत नाही. त्याने जे दाखवले ते असे. सक्शन प्रेशर ८८ पीएसआय होते. मशीनमधला ४१०-ए गॅस १०१ पीएसआयलाच शून्य अंशावर येतो, म्हणजे ८८ ला कॉइल उणे साडेतीनच्या आसपास होती. आपण ज्याचा हवाला देता तो एलपी स्विच ५० पीएसआयला तुटतो. त्या प्रेशरला गॅस उणे १७ अंशांच्या आसपास असतो. तोवर कॉइल केव्हाच गोठून गेलेली असते. तो स्विच गॅस गळाला तर कॉम्प्रेसर वाचवायला आहे, बर्फाशी त्याचा संबंध नाही.

सक्शन उतरले ते आउटडोअरच्या पंख्यामुळे. बाहेर इतकी थंडी असूनही तो पूर्ण वेगाने फिरत होता, त्यामुळे हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचे) पडले आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुरेसा गॅस कॉइलमध्ये जाईना. याचसाठी तर प्रेशर स्विच घेतला होता. तो बसवलेला आहे, पण त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून जोडलेल्या आहेत. स्विच उघडो वा मिटो, पंखा फिरतच राहतो.

आणि कटआउटचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारे टोक, कॉइलला लावलेलाच नाही. परतीच्या हवेच्या डक्टमध्ये झिप टायने लटकवलेला आहे. तिथे कायम खोलीची १७ अंशांची हवा. कॉइलचा गोळा झाला तरी त्या बल्बला ते कळणार कसे? हे पाहिल्यावर मला सर्वांत जास्त राग आला. ज्याने तो बांधला त्याला तो कशासाठी आहे हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर आपल्या सुपरवायझरची सही आहे.

माझे म्हणणे असे. बल्ब कॉइलच्या खालच्या ओळींवर, जिथे बर्फ आधी धरतो तिथे, घट्ट क्लॅम्प करून वरून इन्सुलेशन लावावे. २ अंशांना कॉम्प्रेसर थांबावा, ८ अंशांना पुन्हा सुरू व्हावा, मधल्या वेळात ब्लोअर चालू राहावा म्हणजे बर्फ धरू लागलाच तर विरघळेल. पंख्याचा स्विच नीट जोडावा. मग माझ्यासमोर बल्ब बर्फाच्या पाण्यात बुडवून कॉम्प्रेसर थांबतो का ते दाखवावे. दहा मिनिटांचे काम आहे, ते ऑगस्टमध्येच व्हायला हवे होते. पंख्याची चाचणी मात्र पहाटेच घ्यावी. गोठलेल्या कॉइलमधून द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे परत गेला असण्याची शक्यता आहे, म्हणून ऑइल तपासून कॉम्प्रेसरची वॉरंटी आजपासून नव्याने लेखी द्यावी. गॅसचे ४,८०० रुपये परत करावेत आणि ३९० किलोंचे, किलोला १३० रुपयांप्रमाणे, ५०,७०० रुपये भरून द्यावेत.

हे युनिट आम्हा दोघींच्या पोटापाण्याचे साधन आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो, हे आपल्या माहितीसाठी. २० जानेवारीपर्यंत काम झाले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. पुढच्या पिशव्या २२ तारखेला यायच्या आहेत आणि थंडी अजून संपलेली नाही.

कोटेशन, दोन्ही बिले, लटकलेल्या बल्बचे आणि पिळलेल्या वायरींचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
(सही)