प्रा. रेमाँ कास्तँ यांना, मायक्रोप्रोबवर काम करणाऱ्यांकडून

आदरणीय प्रा. कास्तँ,
सादर नमस्कार.

आपल्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण मायक्रोप्रोबवरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर पाडून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावरचं, आमचं रोजचं मोजमाप आजही आपल्याच पद्धतीने चालतं. म्हणून हे जाहीर आभारपत्र.

पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गिनिए यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात आपण जेमतेम मायक्रॉनभर ठिपक्याचं रासायनिक विश्लेषण शक्य केलंत. त्यातल्या एका निर्णयाचं ऋण सर्वांत मोठं: क्ष-किरणांची तीव्रता नुसती मोजायची नाही, तर त्याच परिस्थितीत शुद्ध मूलद्रव्यावरही मोजून दोहोंचं गुणोत्तर घ्यायचं. यंत्रातला स्फटिक किती किरण परावर्तित करतो, किरण मोजणारा काउंटर किती टिपतो, हे सगळं अंश-छेदात उडून जातं. उरतात अणुक्रमांक, शोषण आणि प्रतिदीप्ती (एका मूलद्रव्याच्या क्ष-किरणांमुळे दुसऱ्यातून किरण निघणं) यांचे परिणाम. त्यांच्या दुरुस्त्यांचा पायाही आपणच घातलात.

या भागाकारासाठी नमुना आणि स्टँडर्ड (तुलनेसाठीचा पदार्थ) यांना अगदी सारखं वागवावं लागतं. दोघांनाही पाव मायक्रॉन डायमंड पेस्टपर्यंत पॉलिश हवं. ओरखडा राहिला की किरणांची बाहेर पडायची वाट बदलते आणि सोडियम, मॅग्नेशियमचे आकडे आधी बिघडतात. कार्बनचा थर दोघांवर सारखा, सुमारे २० ते २५ नॅनोमीटर. थर देताना शेजारी चकचकीत पितळेचा तुकडा ठेवावा. तो निळसर दिसला की थांबावं.

दख्खनच्या बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या सोडियम-कॅल्शियमयुक्त खनिजावर १५ किलोव्होल्ट, २० नॅनोअँपिअरचा बारीक झोत रोखून धरला, तर सोडियम झोताखालून सरकतं आणि सिलिकॉन-ॲल्युमिनियमची मोजणी किंचित चढते. घात असा की सगळ्या घटकांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या जवळच राहू शकते, त्यामुळे चूक लपते. झोत ५ ते १० मायक्रॉन पसरवावा, प्रवाह निम्मा करावा, सोडियम सर्वांत आधी मोजावं. इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजात व्हॅनेडियम शोधताना टायटॅनियमची के-बीटा ही क्ष-किरण रेषा व्हॅनेडियमच्या के-आल्फावर येते; व्हॅनेडियम नसलेल्या टायटॅनियमवर ती मोजून वजा केल्याशिवाय आकडा छापू नये.

यंत्राला प्रकाश-सूक्ष्मदर्शक जोडल्याबद्दल वेगळे आभार. नमुना काही मायक्रॉन वर-खाली झाला तरी स्पेक्ट्रोमीटरचा फोकस सुटतो, आणि ते त्या सूक्ष्मदर्शकातच लगेच कळतं.

पुढे १९६२ साली जॉर्ज स्लोद्झियान यांच्यासह आपण आयन सूक्ष्मदर्शक (नमुन्यातून उडणाऱ्या आयनांवरून त्यातले घटक दाखवणारं यंत्र) घडवलात. मायक्रोप्रोबला न दिसणारं हायड्रोजन आणि समस्थानिकं यांच्यासाठी आम्ही आजही त्याच घराण्यातल्या यंत्रांकडे जातो. त्यासाठीही मनःपूर्वक आभार.

आपले कृतज्ञ,
मायक्रोप्रोबवर काम करणारे