नंदूस पत्र : चुना वाहायची सॅक

रामबाग, इंदूर
मंगळवार, रात्री

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सॅकचे फोटो मिळाले. गडावरचं टाकं उपसून त्याची ढासळलेली कड चुन्यात बांधून काढायची, त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगीही हातात आली, हे वाचून खूप आनंद झाला. इतकी वर्षं तू त्या कागदामागे धावत होतास. आता प्रश्न उरला तो सामान वर न्यायचा. वाळू, चुना, पाण्याचे कॅन, पहार, घमेली, सगळं माणसांच्या पाठीवरून. त्यासाठी 'मिलिटरीवाली मोठी सॅक' घ्यावी असं तुझ्या मनात आहे आणि पाठवलेल्या चारांपैकी कुठली घेऊ असं विचारलंयस. माझं उत्तर असं की यातली एकही घेऊ नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण पाठ तुझी आहे आणि ती अजून बरीच वर्षं गड चढायला हवी आहे.

चारही सॅक ८० ते १२० लिटरच्या आहेत. ब्रिटिश सैन्याची बर्गन साधारण १२० लिटरची, बाजूचे दोन सुटे कप्पे धरून. पण त्यात सैनिक भरतो काय? स्लीपिंग बॅग, कपडे, अनेक दिवसांचं खाणं. ते सामान फुगीर असतं. तुझं सामान चिमूटभर जागेत मणभर वजनाचं. पाणी लिटरला किलो, वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास, मळलेला चुना पाण्याहून जड. २५ किलो वाळू सोळा-सतरा लिटरांत मावते. म्हणजे १०० लिटरची सॅक तुझ्या कामाला घेतलीस तर ती पाऊणहून जास्त रिकामी राहील, वाळू तळाशी बसेल, आणि सगळा भार कमरेच्या खाली, पाठीपासून लांब लोंबत राहील. वर रिकामी जागा दिसली की कोणीतरी आणखी दोन कॅन त्यात कोंबणार, हेही नक्की.

भरलेली बादली छातीशी धरली तर माणूस जिना चढतो, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत दमतो. सॅकचं अगदी तसंच आहे. जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला बसली पाहिजे. ती चार बोटं जरी मागे सरकली तरी माणूस आपोआप पुढे वाकतो, आणि उतारावर हे वाकणं गुडघ्यांना भोवतं.

म्हणून तुला सॅक कमी आणि फ्रेम जास्त लागणार आहे. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम असते ना, ती. अमेरिकन सैन्याने १९७३ मध्ये 'ॲलिस' नावाची पद्धत स्वीकारली, तिची सॅक अशा फ्रेमवर बसते आणि हवी तेव्हा निघते. तिचे दोन आकार. मध्यमला सुमारे २२ किलो आणि मोठीला सुमारे ३२ किलो ही मर्यादा त्यांच्याच पुस्तिकेत दिली होती. सॅक काढून फ्रेमच्या खालच्या बाजूला फळीसारखा आडवा कठडा लावता येतो. त्यावर कॅन उभा ठेवायचा, दोन पट्ट्यांनी करकचून आवळायचा, की तो पाठीला चिकटलेलाच राहतो. पहार आणि फावडं उभं बांधता येतं. कापडी सॅकमध्ये पहार घातलीस तर तळ फाटलाच म्हणून समज. चुन्याचं पाणी गळलं तरी फ्रेमचं काही बिघडत नाही, नळाखाली धुऊन टाकली की झालं. (अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो हे मात्र खरं, तेव्हा धुणं त्याच दिवशी.)

त्यानंतर त्यांनी १९९७ पासून 'मोले' आणली, प्लास्टिकच्या फ्रेमची. सुरुवातीच्या फ्रेमा मोडत असत, पुढे त्या सुधारल्या. सैनिकाच्या कामाला ती ठीक. कॅन आणि पहार बांधायला मला नळ्यांचीच बरी वाटते, कारण नळीला कुठेही दोरी घालता येते आणि वाकली तर आपल्याकडचा कोणीही वेल्डर ती सरळ करून देईल.

आता सर्वांत महत्त्वाचं, कमरेचा पट्टा. लष्करी सॅकचे पट्टे पुष्कळदा बारीक आणि पातळ असतात. सैनिकाच्या कमरेला आधीच काडतुसांचे कप्पे, पाण्याची बाटली वगैरे असतं, तिथे जाड पट्ट्याला जागाच नसते. शिवाय वेळ आली तर त्याला सॅक क्षणात टाकून द्यायची असते. तुझ्या कमरेला काहीच नाही आणि तुला कोणी गोळ्या घालणार नाही. तेव्हा त्यांची मजबुती घे, पण पट्टा त्यांचा घेऊ नकोस. चांगला चार बोटं रुंद, आत टणक फोम असलेला पट्टा फ्रेमला वेगळा बसवून घे. तो कमरेच्या घळीत नको, कटीच्या हाडाच्या कडेवर हवा, हाड त्याच्या मधोमध. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीचा. वजन पायांवर उतरलं की खांदे नुसते तोल सांभाळतात.

हे मी उगाच घोकत नाही. नुसत्या खांद्यांवर फार वजन फार वेळ राहिलं की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि कधी कधी हात वर उचलता येत नाही, खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. लष्करी डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे, त्याला ते 'रकसॅक पाल्सी' म्हणतात. बरं व्हायला महिने लागू शकतात. फ्रेम आणि कमरपट्टा असला की हा धोका कमी होतो. तुझ्याबरोबरच्या कॉलेजच्या पोरांनाही सांग, हाताला मुंग्या आल्या की तिथेच ओझं खाली. त्यात कमीपणा नाही.

पाठीचं माप घ्यायला विसरू नकोस. मान पुढे वाकव, मानेच्या तळाशी जे हाड टोकदार लागतं तिथून सुरू कर. दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे पाठीमागे, कटीच्या हाडांच्या वरच्या कडेवर. दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुझ्या पाठीची लांबी. टेप वहिनींना धरायला सांग, स्वतःचं स्वतःला जमत नाही. उंचीवरून अंदाज बांधू नकोस. तू माझ्याहून उंच आहेस, पण तुझी उंची सगळी पायांत आहे. ॲलिसची फ्रेम एकाच मापात येते, तेव्हा ती अंगावर घालून बघितल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत. खालची नळी माकडहाडावर आपटतेय का, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

मागच्या आठवड्यात तुझ्यासाठीच महूला जाऊन आलो. तिथे इन्फंट्री स्कूल असल्यामुळे बाजारात असलं सामान टांगलेलं असतंच. बरोबर आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब होते. आयुष्यभर पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची लष्करी सॅक, वाहिलेला माणूस. दुकानदाराने कौतुकाने एक सॅक काढून कापड दाखवायला सुरुवात केली, हजार डेनिअर, हजार डेनिअर. सुभेदारांनी तिकडे पाहिलंही नाही. सॅक उलटी केली, आतला भाग बाहेर काढला, आणि खांद्याचा पट्टा जिथे शिवला होता त्याच्या मागे अंगठा दाबला. कापड नुसतं एकेरी, मागे ठिगळ नाही, शिलाई सरळ दोन रेघा. "दहा किलोला ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि बाजूला ठेवली. दुसरीत त्याच जागी आतून नवारेचा तुकडा होता, चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई, टोकांना गच्च टाके. तिचं कापड हलकं होतं, तरी त्यांनी तीच पसंत केली. मग फ्रेमचा एक कोपरा फरशीवर टेकवून समोरच्या कोपऱ्यावर जोर दिला. एक फ्रेम पिळली आणि रिबिटाशी करकरली, दुसरी हलली नाही. शेवटी शेजारच्या किराणा दुकानातून आट्याच्या पिशव्या मागून आणल्या, त्या बांधून मला गल्लीत चालवलं आणि दुकानाचा जिना चढायला लावला. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

कापडाबद्दल थोडंच. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे १००० डेनिअरचं जाड नायलॉन घासटायला चिवट असतं, ५०० डेनिअर हलकं आणि बहुतेक कामाला पुरेसं. आतलं वॉटरप्रूफ लेपन आपल्या पावसाळ्यात वर्षं गेली की चिकट होऊन सुटतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालणं केव्हाही चांगलं. चेनपेक्षा वरून दोरीने आवळायची सॅक घे. चुन्याची भुकटी चेनच्या दातांत बसली की चेन संपली. बाहेरून पट्ट्यांच्या रांगा आणि कप्पेच कप्पे असलेल्या टॅक्टिकल सॅक दिसायला भारदस्त वाटतात, पण करवंदीच्या जाळीत त्या जागोजागी अडकतात आणि प्रत्येक भरलेला कप्पा वजन मागे ओढतो.

रंग साधा घे. खाकी, काळा, नुसता हिरवा. आपल्या सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये नवा डिजिटल छापाचा गणवेश आणला आणि त्या डिझाइनची नोंदणी करून घेतली आहे. त्या छापाचं सामान नागरिकांनी वापरायचं नाही. शिवाय धुक्यात पोरं एकमेकांना दिसली पाहिजेत, म्हणून प्रत्येक फ्रेमला मागे भगवं फडकं बांधा.

आणि वजन किती, हे तू विचारलंच नाहीस. अमेरिकन सैन्याच्या १९९० च्या पायी कूच करण्याच्या नियमावलीत लढताना सुमारे २२ किलो आणि कूच करताना सुमारे ३३ किलो ही वरची मर्यादा होती, तीही रोज सराव असलेल्या तरुण सैनिकांसाठी. आपण पन्नाशीत आलो. तू २० किलोच्या वर जाऊ नकोस, पोरांना २५. फेऱ्या वाढल्या तर वाढू देत, टाकं तीनशे वर्षं थांबलंय. निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा ओझं घेऊन चाल, सुरुवात दहा किलोने. आम्ही इथे रालामंडळच्या टेकडीवर पाण्याच्या बाटल्या भरून चढतो. वर गेल्यावर पाणी ओतून द्यायचं म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. आणि ओढा ओलांडताना कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, हे पोरांकडून पाठ करून घे. पाय घसरला तर ओझ्यातून लगेच सुटता आलं पाहिजे.

ती न हललेली फ्रेम दुकानदाराने माझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. रविवारी सुभेदारसाहेबांबरोबर परत जाणार आहे, त्याआधी पाठीचं आणि कमरेचं माप कळव. कमरपट्टा आमच्या इथला बॅगवाला शिवून देईल, त्याच्याकडे जाड फोम आहे. तुला बसली तर पोरांसाठी आणखी पाच मागवू, घाऊक भाव मी बोलून घेतो. नाशिकच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
विजू